देशात मोजक्याच असणाऱ्या गाड्या: बनतात कशा, टिकतात कशा आणि फोनवर दिसल्या तर तपासायच्या कशा?



मी वाटूरचा. जालना-मंठा रस्त्यावर परतूरकडे जायला जिथं फाटा फुटतो, ते आमचं वाटूर. फाट्यावर दिवसभर उभं राहिलात तरी गाड्या ठरलेल्याच दिसतात: ट्रॅक्टर, एसटी, काळी-पिवळी, बोलेरो, एखादी डिझायर. म्हणून मागच्या दिवाळीत माझ्या मामेभावानं चहाच्या टपरीवर फोन माझ्यापुढं धरला, तेव्हा मीही बघतच राहिलो.

"दादा, ही बघ. अख्ख्या देशात लई थोड्या हाईत म्हणतो हा."

लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची बुटकी गाडी. खाली लिहिलेलं: "सॅन स्टॉर्म, रेअर पीस, साडेतीन लाख फायनल. आजच २५,००० टोकन पाठवणाऱ्यालाच मिळेल." भावाचे कापसाचे पैसे नुकतेच खात्यावर आले होते आणि बोट यूपीआयच्या बटणावर होतं. मी म्हटलं, "अर्धा तास थांब. आधी गाडी काय आहे ते तर बघू."

त्या अर्ध्या तासात काय सापडलं ते शेवटी सांगतो. त्याआधी अशा गाड्या मुळात असतात काय, ते समजून घेऊया. कारण ते कळलं की खरं-खोटं ओळखणं निम्मं सोपं होतं.

मर्यादित उत्पादन म्हणजे नेमकं काय?

यात दोन प्रकार आहेत, आणि जाहिरातवाले दोन्हींना सरसकट "लिमिटेड" म्हणतात.

पहिला प्रकार म्हणजे मोठ्या कंपनीनं ठरवून कमी विकलेली गाडी. उदाहरणार्थ, स्कोडानं २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात आणली ती फक्त २०० गाड्यांपुरती. ती परदेशातून पूर्ण तयार होऊन आली होती. सरकारच्या नियमानुसार कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली संपूर्ण मान्यता प्रक्रिया न करता आयात करता येतात, त्यामुळे असे छोटे लॉट परवडतात. जगात याचं टोक बघायचं तर महिंद्राच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिनाची बॅटिस्टा बघा. विजेवर चालणारी, सुमारे १,९०० अश्वशक्तीची, आणि जगभरात मिळून जास्तीत जास्त १५० गाड्या.

दुसरा प्रकार म्हणजे छोट्या कंपनीनं जवळपास हातानं बनवलेली गाडी. इथं संख्या कमी राहते कारण जास्त बनवणं जमतच नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं अशी रोडस्टर बनवली. दोन सीटा, उघडा टप, लांब नाक, जुन्या ब्रिटिश लोटस सेव्हनच्या धाटणीची. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म ही नव्वदीच्या दशकाअखेरची गाडी. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीची अवंती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये लोकांसमोर आली. तिचं इंजिन सीटांच्या मागं होतं.

दुर्मीळ गाडीच्या पोटात ओळखीचं इंजिन

आता खरी गंमत. या गाड्या वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी आतून त्या आपल्या ओळखीच्या असतात. चिंकारा रोडस्टरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे आपल्या अॅम्बेसेडरमध्ये यायचं तेच. सॅन स्टॉर्ममध्ये रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, युरोपात साध्या छोट्या कारला बसवलं जाणारं. अवंतीतही रेनोचंच २ लिटर टर्बो इंजिन, सुमारे २५० अश्वशक्तीचं.

असं का? कारण नवीन इंजिन शून्यापासून बनवणं म्हणजे ओतकाम, यंत्रं, वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि प्रदूषणाचे नियम. छोट्या कंपनीला ते झेपत नाही. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स विकत घ्यायचे, कमानी, ब्रेक, दिवे बाजारात मिळणारे वापरायचे, आणि स्वतःचं डोकं सांगाडा, आकार आणि वजन यांवर लावायचं.

बॉडी कशी बनते? गणपतीचा साचा आठवा

नेहमीच्या कारची बॉडी पोलादी पत्र्याची असते. दरवाजा, बॉनेट, मडगार्ड, प्रत्येक भागासाठी वेगळा डाय लागतो आणि तो प्रचंड मोठ्या प्रेसमध्ये दाबला जातो. डायचा खर्च कोटींत जातो. लाखभर गाड्या काढल्या तरच तो वसूल होतो.

छोट्या कंपन्या म्हणून फायबरग्लास वापरतात. मूर्तिकार एकदा साचा करतो आणि मग त्यातून गणपती काढतो ना, तसंच. आधी गाडीच्या आकाराचा नमुना, त्यावरून साचा. साच्याच्या आत जेलकोटचा थर, त्यावर काचेच्या तंतूंची चटई, त्यावर हार्डनर मिसळलेलं रेझिन. सुकलं की भाग साच्यातून काढायचा, कडा घासायच्या, रंग द्यायचा. मोठा प्रेस लागत नाही, पण माणसाचे हात आणि तास भरपूर लागतात. म्हणून रोज शंभर गाड्या निघत नाहीत.

ही बॉडी मुख्यतः गाडीचं अंग झाकते. वजन आणि धक्के पेलायला खाली लोखंडी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा असतो. फायबरला गंज लागत नाही. ठोकर बसली तर तडा जातो. गंज लागलाच तर आतल्या सांगाड्याला लागतो, आणि तो वरून दिसत नाही. जुनी फायबरची गाडी बघायला गेलात तर रंगावर भाळू नका. खाली वाकून टॉर्च मारा.

मग जास्त का बनत नाहीत?

भारतात कोणतंही नवं मॉडेल रस्त्यावर आणण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे मान्यता घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था असं काम करते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळ्याची चाचणी. हा खर्च गाड्या दहा विका की दहा लाख, फारसा बदलत नाही.

साधा हिशोब करून बघा. समजा चाचण्यांवर २ कोटी गेले. २ लाख गाड्या विकल्या तर एका गाडीमागे १०० रुपये पडतात. २०० विकल्या तर एका गाडीमागे १ लाख. छोटा कारखानदार तिथंच दमतो.

आपल्याकडं याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण म्हणजे इचलकरंजीची "मीरा". शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी कार स्वतःच्या डोक्यानं बनवली. पहिली गाडी १९४९ ची. पुढं सत्तरीच्या दशकापर्यंत ते एकामागून एक सुधारित नमुने काढत राहिले. किंमत १२,००० रुपयांच्या आसपास ठेवायचा त्यांचा विचार होता. नॅनोच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! गाडी चालत होती, लोकांनी पाहिली होती. पण कारखान्यातून ती कधी बाहेर पडलीच नाही. गाडी बनवणं आणि गाडीचं उत्पादन करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मीराकडं बघून कळतं.

हौशी मालक त्या जिवंत कशा ठेवतात?

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना शेंद्रा एमआयडीसी लागते. तिथं २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जायची. तिचीच एक जोरकस आवृत्ती होती आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोलची. आज ती गाडी हौशी लोकांच्या जीव की प्राण आहे. तशा एका मालकाला मी भेटलो. वाटलं होतं, गाडी किती पळते ते सांगेल. त्यानं आधी एक वही काढली.

वहीत प्रत्येक पार्टचा नंबर, तो आणखी कोणत्या गाडीला बसतो, कुठल्या शहरात मिळाला, किती रुपये पडले. कारण तेच टर्बो इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांतही होतं, त्यामुळं आरएसचा पार्ट मिळाला नाही तरी त्याचा भाऊबंद मिळतो. "उद्या गाडी विकली तर घेणारा आधी वही मागेल," तो हसत म्हणाला. मला वाटतं खरी हौस ती हीच. रील काढणं वेगळं आणि वायपरची मोटर कोणत्या गाडीची बसते हे शोधत तीन महिने घालवणं वेगळं.

हल्ली फोननं हे काम सोपं केलंय. पार्टचा फोटो टाकला की ग्रुपवर कुणीतरी ओळखतं. तुटलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा, बटणं थ्रीडी प्रिंट करून घेता येतात. पण ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांवर हा प्रयोग करू नका, तिथं जीव टांगलेला असतो.

उभी राहून गाडी जास्त खराब होते, हेही लक्षात ठेवा. पेट्रोल शिळं होऊन चिकट होतं, बॅटरी बसते, रबरी नळ्यांना भेगा पडतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो.

कागदाचं काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा मूळ बदल करता येत नाही. नोंदणी पुस्तकात लिहिलंय ते आणि समोर उभं आहे ते जुळलंच पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं.

५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी "व्हिंटेज" नोंदणी आहे. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच.

आता त्या लाल गाडीकडं येऊ

भावाच्या फोनवर आम्ही हे केलं, तुम्हीही करू शकता:

१. नंबर तपासा. एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. कंपनी, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विमा दिसतो. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी अंदाज येतो.

२. आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. त्यावरची इंजिनक्षमता आणि आसनसंख्या बघा. खऱ्या गाडीचे आकडे आधी माहीत करून घ्या.

३. चासी नंबर बघा. हल्लीच्या गाड्यांवर तो १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्याची ओळख सांगतात. सांगाड्यावर ठोकलेला नंबर व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा. पाठवलेला फोटो चालणार नाही.

४. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या किमतीला सापडतो का बघा.

५. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

आम्ही आरसी मागितली. आधी टाळाटाळ झाली, मग "दुसरा गिऱ्हाईक तयार आहे" झालं, आणि शेवटी फोटो आला. मी झूम केलं. इंजिनक्षमता ७९६. आसनसंख्या ४.

सॅन स्टॉर्म दोन सीटांची आणि ११४९ सीसीची. ७९६ आकडा तर आपल्या देशात पोराटोराला पाठ आहे: मारुती ८००. कुणीतरी जुन्या मारुतीवर फायबरचं लाल कवच चढवलं होतं. म्हणजे गाडी दुर्मीळ नव्हतीच. वर कलम ५२ ची कटकट, आणि अपघात झाला असता तर विम्याचाही घोळ.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पण दिसायला झक्कास होती."

होतीच. ते मी नाकारलं नाही. पण दुर्मीळपणा रंगात नसतो, तो नोंदणीच्या आकड्यात आणि मालकाच्या वहीत असतो. २५,००० त्याच्या खात्यातच राहिले, आणि महिनाभरानं त्याच पैशात ठिबकच्या नळ्या आल्या.

त्या दिवसापासून मात्र त्याला नाद लागलाय. फाट्यावर वेगळी गाडी दिसली की नंबर टाकून बघतो आणि मला स्क्रीनशॉट पाठवतो. तुमच्या ओळखीत कुणी "रेअर पीस"च्या टोकनावर बोट ठेवून बसलं असेल, तर हा लेख त्याला आत्ताच पाठवा. अर्धा तासच लागतो.