थंडी राखणारी पेटी

फेब्रुवारी-मार्चमधल्या रात्री गव्हाण फाट्यावरून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं, की ट्रेलरच्या रांगेतले काही कंटेनर आवाजावरूनच ओळखू येतात. बाकीचे मुकाट पुढे सरकतात, हे घुमत असतात. बहुतेक पांढरे, एका तोंडाला कॉम्प्रेसर आणि पंखे, जोडीला डिझेलवरचा जेनसेट. यांना सगळे रीफर म्हणतात. कुणाच्या पोटात निफाड-दिंडोरीची द्राक्षं, कुणाच्या पोटात सांगोल्याची डाळिंबं, तर कुणाच्या पोटात तळोज्याच्या कारखान्यात गोठवलेली मासळी. वाट सगळ्यांची एकच, न्हावा शेवा. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या जवाहरलाल नेहरू बंदरातून महाराष्ट्राची शेती समुद्र ओलांडते.

रीफर म्हणजे चाकांवर चढवलेला मोठा फ्रिज, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. गरम माल आत ठेवून थंड करावा, यासाठी हे यंत्र बनलेलंच नाही. थंड करून दिलेला माल तसाच राखणं एवढंच त्याचं काम. उन्हाची धग पोटात घेऊन आलेलं फळ आत भरलं, तर रीफर दिवसचे दिवस झगडतो आणि तेवढ्यात फळाचं वय निघून जातं. रीफरचा हा स्वभाव कळला, की शेतापासून बंदरापर्यंतची सगळी धावपळ कशासाठी असते ते उमगतं.

कारण फळ तोडलं तरी ते जिवंत असतं. ते श्वास घेतं, ऊब सोडतं, साठवलेली साखर खर्चत राहतं. कोकणातल्या अढीत आपण हीच ऊब कामाला लावतो. पेंढ्यात आंबे रचले, की त्यांची ऊब आणि त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू त्यांनाच पिकवतात. रीफर म्हणजे उलटी अढी. फळाचा श्वास थांबवायचा नाही, फक्त संथ करायचा.

प्रत्येक फळाचा संथ होण्याचा बिंदू वेगळा. द्राक्षं शून्याच्याही किंचित खाली ठेवता येतात, रसातल्या साखरेमुळे ती तिथे गोठत नाहीत. डाळिंबाला पाच अंशांच्या आसपासची थंडी मानवते. केळी तेरा-चौदा अंशांखाली नेली, तर साल काळवंडते. हापूसही तसाच नाजूक. जास्त गारठला तर डागाळतो आणि नंतर धड पिकत नाही. म्हणून एका रीफरमध्ये भलतीसलती फळं एकत्र भरत नाहीत.

भरण्याचंही शास्त्र आहे. रीफरच्या तळाला इंग्रजी टी अक्षरासारख्या उभ्या पट्ट्या असतात. थंड हवा त्यांच्यामधून तळाने दारापर्यंत जाते, वर चढते आणि छताखालून परत येते. ताज्या फळांच्या पेट्यांमधून ही हवा आरपार जायला हवी, म्हणून पेट्यांची भोकं एकावर एक जुळवून रचतात. भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल चढवला, तर परतीची वाट बुजते. गोठवलेल्या कोळंबीला किंवा माकुलाला मात्र श्वास नसतो. कारखान्यातच कडक गोठवून आलेला हा माल उणे अठरा अंशांवर राखायचा असतो. तो घट्ट रचतात, हवा त्याच्या भोवतीनं फिरली की पुरे.

दूरच्या समुद्रमार्गानं थंडी पाठवण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. १८३०च्या दशकात बॉस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी हिंदुस्थानात येऊ लागला आणि मुंबईत त्यासाठी बर्फघर उभं राहिलं. पुढे १८८२ मध्ये ‘ड्यूनेडिन’ हे शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन ९८ दिवसांनी लंडनला पोचलं आणि अन्नाच्या व्यापाराचा नकाशाच बदलला. बर्फाची वाट पाहणाऱ्या याच किनाऱ्यावरून आज थंडी बाहेर जाते.

ती पाठवायला आपले शेतकरी शिकले, ते सहजासहजी नाही. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. तोडणीनंतर काही तासांतच घडांची धग काढणारं प्री-कूलिंग, बुरशी रोखणारे सल्फर डायऑक्साइडचे कागद, पेटीचं माप, घडाचा आकार हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. २०१० मध्ये आणखी एक धडा मिळाला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडल्यानं आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्या मालाच्या थंडीत काही खोट नव्हती, पण बागेत झालेली चूक कोणताही रीफर पुसू शकत नाही. बागेपासून पेटीपर्यंतचा माग ठेवणाऱ्या ‘ग्रेपनेट’ नोंदणीचं मोल तेव्हा सगळ्यांना कळलं.

वाशीला या साखळीतली आणखी एक कडी आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या विकिरण केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या फळांवर गॅमा किरणांचा मारा होतो. आत दडलेल्या किडीची पुढची पिढी निर्माण होऊ नये, यासाठी ही खबरदारी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगावच्या केंद्रातून २००७ मध्ये हापूस अमेरिकेला जाऊ लागला, तेव्हा तो विमानानं जात होता. विमान लवकर पोचवतं, पण भाड्यापोटी फळ महाग करतं. जहाज स्वस्त, पण ते फळाकडून काही आठवड्यांचं आयुष्य मागतं.

हे आयुष्य वाढवण्याचं काम डाळिंबात फळाला आलं. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मदतीनं भगवा जातीचं फळ ६० दिवस टिकवून पाहिलं गेलं. ६ डिसेंबर २०२४ रोजी निघालेली ५.७ टन डाळिंबं १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला उतरली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ४,६२० पेट्या, म्हणजे सुमारे १४ टन डाळिंब, पाच आठवड्यांचा प्रवास करून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचलं. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बागायतदारासाठी ही साधी बातमी नाही. विमानभाड्यात जाणारा पैसा त्याच्या पदरात पडण्याची ही वाट आहे.

समुद्र मात्र दर वेळी वेळापत्रक पाळत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी बागेत राखलेला अर्धा अंश आणि वाचवलेला एकेक तास किती मोलाचा होता, ते शेवटच्या बंदरावर कळतं.

बंदरात पोचलेला रीफर जेनसेटवरून उतरतो आणि ४४० व्होल्टच्या प्लगला लागतो. तंत्रज्ञ पोलादी मजल्यांवर चढून प्रत्येकाचं तापमान वाचतात आणि नोंद करतात. जहाजावर पुन्हा प्लग, पुन्हा नोंद. दोन प्लगांच्या मधल्या वेळात फळाचा भरवसा फक्त जाड भिंतींवर असतो, म्हणून तो वेळ कमीत कमी ठेवायची सगळ्यांची घाई. अढी लावणारी बाई पेंढ्यात रोज हात घालून आंबा चाचपते. इथे हात यंत्राच्या पडद्यावर फिरतो, पण काळजी तीच.

रॉटरडॅमला दार उघडेल तेव्हा आतल्या घडांवरची पांढुरकी मेणाची झाक शाबूत असावी, ही साऱ्यांची इच्छा. ही झाक रीफरनं निर्माण केलेली नसते. निफाडच्या बागेत, ऊन चढण्याआधी, कुणा बाईनं मण्यांना बोट न लावता देठ धरून घड कात्रीनं उतरवलेला असतो. पुढचा महिनाभर यंत्र राखतं, ते तिनं वाचवलेलं.