बिघाडाआधीची चाहूल

विमानतळावर सामान वाहणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्याची मोटर बहुधा आधी इशारा देऊन बंद पडते. बेअरिंग झिजतं, कंपनं वाढतात, मोटर तापते, जास्त वीज ओढू लागते. डिजिटल ट्विन, म्हणजे मोटरचं संगणकीय प्रतिरूप, ही चाहूल टिपतो. सेन्सरचे आकडे त्याच्याकडे सतत येत राहतात. आजच्या भाराला मोटर कशी चालायला हवी, याच्याशी त्यांची तुलना होते. तफावत वाढू लागली, की रात्रीची कमी गर्दीची वेळ बघून बेअरिंग बदलता येतं. नुसत्या त्रिमितीय नकाशाला हे जमत नाही, विक्रेते काहीही म्हणोत. आणि जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी अर्धवट असतील, तर ट्विनचे अंदाजही तसेच.

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाने इमारतींचे आराखडे आणि भौगोलिक माहिती जोडून स्वतःचं प्रतिरूप उभारलं. कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळाचं २०२२ मध्ये आलं, हैदराबादचं २०२४ मध्ये.

मुंबई विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर काही तास बंद ठेवून डागडुजी होते. ती ट्विनने टळणारी नव्हे. विमानांच्या चाकांचं धावपट्टीवर साचलेलं रबर काढायला माणसं आणि यंत्रंच लागतात.