सोळाशे मीटर आणि मधली विश्रांती

पहाटे पाचला नगर जिल्ह्यातल्या पारनेर, पाथर्डी किंवा श्रीगोंदा तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना भेटतातच. पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २० गुण. मुलींना आठशे मीटर, त्यासाठी २ मिनिटं ५० सेकंद. चार-दोन सेकंदांवर वर्षभराची मेहनत अडकते, आणि घरात त्या नोकरीची वाट पाहणारी चार माणसं असतात.

ही पोरं कष्टाला कमी पडत नाहीत. पण बरीचशी रोज तेवढंच अंतर, त्याच वेगानं, दमछाक होईपर्यंत पळतात. सुरुवातीला टायमिंग भराभर सुधारतं, मग एका जागी अडतं. मग पोरं आणखी पळतात, नडग्या दुखवून घेतात आणि शेवटी कंटाळतात. खरी अडचण अशी की हा वेग धड हलका नसतो आणि धड जोराचाही नसतो.

हिशेब साधा आहे. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. चारशे मीटरच्या फेरीला साडेसत्त्याहत्तर. हा वेग सलग चार फेऱ्या झेपत नसेल, तर तो तुकड्यातुकड्यानं अंगवळणी पाडायचा. चारशेची एक फेरी ७६-७७ सेकंदांत मारायची, दोन मिनिटं चालत किंवा अगदी हळू पळत दम खायचा, मग पुढची फेरी. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की त्या सकाळी दोन ते जवळपास अडीच किलोमीटर परीक्षेच्या वेगानं पळून झालेले असतात. सलग पळताना तो वेग पहिल्या फेरीनंतरच सुटला असता. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात आली पाहिजे. ती फार लांबली, तर सुरुवात जास्त जोरात झाली असं समजावं.

ही पद्धत जुनी आहे. १९३०च्या दशकात जर्मनीतले प्रशिक्षक वॉल्डेमार गेर्शलर आणि डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी तिला शास्त्राची बैठक दिली. धावताना नाडी १८०पर्यंत न्यायची, मग ती १२०वर उतरेपर्यंत थांबायचं. दीड मिनिटात उतरली नाही, तर सराव आवरता घ्यायचा. त्यांनी धावण्याइतकंच वजन मधल्या थांबण्याला दिलं, आणि मला त्यांचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे धावपटू एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या मारत तयार झाला आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं पाच हजार, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं जिंकली.

शरीरात घडतं ते असं. जोराच्या तुकड्यांत हृदयाला कमाल क्षमतेजवळ काम करावं लागतं, आणि काही आठवड्यांत ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. संथ धावण्यानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि दमसास टिकतो. दोन्ही लागतं. म्हणून आठवड्यातले दोन दिवस जोराचे पुरेत, बाकीचे गप्पा मारता येतील इतके हलके ठेवावेत. एखादं वाक्य सलग बोलता येत असेल तर वेग हलका. दोन-तीन शब्दांपुढे जाता येत नसेल तर जोराचा. यासाठी महागडं घड्याळ लागत नाही.

नगरच्या शिवेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर चालत-पळत जायचा. पुढे तो सैन्यात गेला, आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत मिळवलं. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. प्रत्येक वेळी लय मोडते आणि पुन्हा धरावी लागते, तुकड्यातुकड्यांच्या सरावासारखीच.

भरतीचं वय उलटून गेलेल्यांचं काय? नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या परिसरात सकाळी फिरायला येणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच आवृत्त्या, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांनी या मध्यमवयीन आणि वृद्ध मंडळींच्या मांड्यांची ताकद आणि दमसास वाढला, रक्तदाब उतरला. एकाच मध्यम गतीनं चालणाऱ्यांना एवढा फायदा झाला नाही.

गोडी टिकवायची तर जागा बदलत राहावी, आणि आपल्या जिल्ह्यात जागांना तोटा नाही. शाह डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे, सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. तिथला चढ जोरात चढावा, उतार निवांत उतरावा. चढावर वेग कमी असूनही हृदय भरपूर काम करतं आणि गुडघ्यांना दणके कमी बसतात. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर, १६४६ मीटर, हा तर निसर्गानंच आखलेला सराव आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघालं की दमवणारा चढ, मग थोडी सपाटी, पुढे लोखंडी शिड्या. शिडीवर हातही राबतात, पोटऱ्या पेटतात आणि वर पोचल्यावर वारा घाम सुकवतो. लेझीम आठवा: हलगी संथ असते तोवर पावलं संथ, ती चढली की अख्खी रांग उसळते, पुन्हा खाली येते. संगतीत आणि तालावर श्रम हलके वाटतात, म्हणून एकट्यापेक्षा चौघांत पळावं.

चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर जोराच्या सरावाआधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीची दहा मिनिटं अंग गरम करण्यात घालवा. छातीत दाटलं, चक्कर आली तर तिथंच थांबा.

दिवाळीनंतर सकाळी गारवा असतो, सुरुवात करायला हाच हंगाम उत्तम. मैदान नको, घड्याळ नको. गावच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत: दोन खांब भरभर, दोन खांब निवांत. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरेत. शेजारच्या एकाला बरोबर घ्या.