चोविसाव्या आठवड्यानंतर कोणाचा विचार?

गर्भपाताचा विषय निघाला की दोन घोषणा तयारच असतात. ‘शरीर तिचं, निर्णय तिचा’ ही एक आणि ‘गर्भ म्हणजे जीव’ ही दुसरी. आज आपण दोन्ही बाजूला ठेवू आणि एक खटला समोर घेऊ.

ऑक्टोबर 2023. दोन मुलांची आई असलेली एक विवाहित स्त्री सर्वोच्च न्यायालयात आली. धाकटं मूल अंगावर पीत होतं, पाळी सुरू झालेली नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचं तिला फार उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. दोन न्यायमूर्तींनी आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, की हा गर्भ जगू शकेल असा आहे, तर आधी त्याचं हृदय थांबवायचं का? या प्रश्नावर त्याच दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. शेवटी तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. तेव्हा 26 आठवडे उलटून गेले होते.

डॉक्टरांचा तो प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा झाला 1971 साली. त्याच वर्षी अमेरिकेत जूडिथ जार्व्हिस थॉमसन यांचा एक निबंध आला, आजही तो शिकवतात. त्या म्हणतात, समजा तुम्ही झोपेत असताना एका आजारी वादकाला तुमच्या मूत्रपिंडांशी जोडून ठेवलं. त्याला नऊ महिने तसंच ठेवायला तुम्ही बांधील आहात का? नाही. पण नळ्या सोडवल्यावरही तो जगला, तर त्याला मारण्याचा हक्क तुम्हाला नाही. ही दुसरी पायरी लोक विसरतात.

आता हे गर्भाला लावून बघा. पहिले काही महिने गर्भधारणा संपवणं आणि गर्भाचं जीवन संपणं ही एकच गोष्ट असते. साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास त्या दोन गोष्टी वेगळ्या होऊ लागतात. म्हणून तिथे कुठेतरी रेषा ओढणं मला समर्थनीय वाटतं.

पण आपल्या रेषेला अपवाद कोणते आहेत? 2021 च्या दुरुस्तीनं ठरावीक स्त्रियांसाठी 24 आठवड्यांची मुदत दिली. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग स्त्रिया वगैरे. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं, तर मुदत नाही. आईचा जीव वाचवायचा असेल तरीही नाही. बाकी सगळ्यांना कोर्ट.

इथे मला मोठी विसंगती दिसते. 24 आठवड्यांनंतर रोखण्याचं कारण गर्भाचं जीवन हे असेल, तर व्यंग असलेल्या गर्भाचं जीवन कमी मोलाचं कसं? आणि अपवादाचं कारण स्त्रीवर पडणारा भार हे असेल, तर चौदा वर्षांच्या मुलीवर अत्याचारातून लादलेला भार त्यात का धरायचा नाही? भीतीपोटी तिनं कोणाला सांगितलं नाही, पोट दिसू लागल्यावर घरच्यांना कळलं. वकील, मंडळ, सुनावणी यांत आणखी दिवस जातात, आणि गर्भाचे आठवडे तर थांबत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रेषा ठेवा, पण अपवाद गर्भाच्या व्यंगावर न ठरवता त्या स्त्रीच्या किंवा मुलीच्या स्थितीवर ठरवा. आणि रेषेच्या अलीकडचा रस्ता मोकळा ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दहाव्या आठवड्यात आलेल्या बाईला ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून परत पाठवायचं नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते. जो समाज तिला दहाव्या आठवड्यात अडवतो, त्यानं सव्विसाव्यात तिला ‘उशीर का केलास?’ असं कोणत्या तोंडानं विचारायचं?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.