तार बंद झाली, विद्या नाही

बारावीचे निकाल लागले की गडमुडशिंगीतल्या आमच्या घराच्या कट्ट्यावर दरवर्षी दोन-चार पालक येऊन बसतात. मी टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली, तेव्हा पोरांना कुठं घालावं हे मला कळत असणार, असा त्यांचा समज! मागं एकदा शेजारची मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील पशुखाद्य कारखान्यात कामाला. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घ्यायचं होतं आणि फीसाठी चार गुंठे जमीन विकायची वडिलांची तयारी होती. पण मन घेत नव्हतं. ते म्हणाले, "अण्णा, तुमच्या डोळ्यांदेखत तार गेली, ट्रंककॉल गेला, एसटीडीचे बूथ गेले, घराघरातला फोन गेला. दर दहा वर्षांनी ज्या धंद्याचं दुकान मोडतंय, त्यात पोरीला कशाला घालू?"

प्रश्न रास्त होता. भारतात १८५५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. मी स्वतः शिकलेली निम्मी यंत्रं आज भंगारात किंवा संग्रहालयात आहेत. तरीही माझं उत्तर वेगळं होतं. ते आज तुमच्यापुढं मांडतो.

सुरुवात तारेपासूनच करू. मोर्सच्या लिपीत टिंब आणि रेघ एवढी दोनच चिन्हं. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त येतं, म्हणून त्याला फक्त एक टिंब. 'क्यू' क्वचित येतो, म्हणून त्याला रेघ-रेघ-टिंब-रेघ अशी लांबण. जे वारंवार लागतं ते आखूड ठेवायचं, हे त्यातलं शहाणपण. आपल्याकडं शुभेच्छांच्या तारांनाही क्रमांक असत. लग्नाच्या तारेत सगळं वाक्य पाठवायची गरज नसे. आकडा जाई आणि तिकडचा तारबाबू त्या आकड्याचा पूर्ण मजकूर लिहून देई. आज तुमच्या मोबाइलवरून फोटो जातो, तेव्हा तो आधी दाबून लहान केला जातो. त्यामागचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलं, पण युक्तीचं मूळ या टिंब-रेघांतच आहे.

दुसरी गोष्ट जोडणीची. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ मध्ये टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. तिथं जोडणी करायला माणूस बसलेला असे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ होते. त्यांचा व्यवसाय अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. एक्सचेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याला जोडून देते, असा त्यांना संशय होता, असं सांगतात. त्या रागातून त्यांनी माणसाविना चालणारं एक्सचेंज शोधलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. माझी पहिली नेमणूक असल्याच एका स्ट्रोजर एक्सचेंजमध्ये झाली. तबकडीवर चार फिरवले की तारेतून चार झटके येत आणि कपाटातला हात चार पायऱ्या वर चढून वळे. गर्दीच्या वेळी सगळी खोली खडखडत असे. नुसत्या आवाजावरून बिघाड कुठल्या रांगेत आहे, हे जुनी माणसं सांगत.

पुढं १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं आपल्याच तरुण अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं डिजिटल एक्सचेंज घडवलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. धूळ आणि उकाडा ते सोसत असे. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कित्तूरला बसलं, म्हणजे आपल्या कोल्हापूरहून निपाणी, बेळगाव ओलांडलं की पुढंच. त्या यंत्रात हलणारा हात नव्हता. तुमच्या आवाजाची सेकंदाला ८००० मापं घेऊन त्यांचे आकडे केले जात आणि ते आकडे ठरल्या जागी पोचवले जात. खडखडाट थांबला. पण काम तेच होतं, याला त्याच्याशी जोडायचं.

तिसरी गोष्ट वाटेची, आणि ती सांगताना आमचे एक जॉइंटर आठवतात. जॉइंटर म्हणजे केबलच्या शेकडो तारा जोडणारा कारागीर. खड्ड्यात बसून, पावसात डोक्यावर ताडपत्री धरून ते काम करत. तांब्याच्या केबलमध्ये जोड्या ओळखायला रंग असतात. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एकीकडं आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसरीकडं. त्यांना ते पाढ्यासारखे पाठ होते.

पुढं ऑप्टिकल फायबर आली. काचेच्या वाकड्या तंतूतून प्रकाश नेता येतो, हे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये दाखवलं होतं. काच पुरेशी शुद्ध केली तर हाच प्रकाश दूरवर संदेश नेईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये सांगितलं. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. पण पन्नाशीतल्या आमच्या जॉइंटरला याचं कौतुक नव्हतं. केसाएवढी काच, ती जोडायला विजेच्या ठिणगीचं यंत्र, आणि तेही इंग्रजीत बोलणारं! "साहेब, आता आमचं संपलं," असं म्हणत ते प्रशिक्षणाला जाईनात.

एके दिवशी मी त्यांच्यापुढं फायबरचा तुकडा सोलून ठेवला. आत बारा तंतू होते. ते पाहतच राहिले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. त्यांच्याच पाढ्यातले दहा रंग! शेवटचे दोन तेवढे नवे, गुलाबी आणि फिकट आकाशी. जुन्या कारागिरांना ओळखीचा वाटावा असाच हा क्रम आहे. "म्हणजे दोनच शिकायचे की," असं ते म्हणाले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी फायबर जोडली.

मंडळी, मला या धंद्याचा इतिहास त्या बारा रंगांत दिसतो. प्रत्येक नव्या यंत्रात बरंचसं जुनंच असतं, थोडंच नवं असतं. मात्र ते थोडं न शिकणाऱ्याची गय होत नाही, हेही तितकंच खरं. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालं. पुढं आमच्याकडंही त्याची यंत्रं आली, तेव्हा 'हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम' असं म्हणून मी प्रशिक्षणाचं पत्र दुसऱ्याला दिलं. वर्षभरात एका रात्री बिघाड झाला. पदानं मी मोठा, पण पडद्यावर काय दिसतंय ते मला कळेना. अखेर दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीनं येऊन तो दुरुस्त केला. त्या रात्री मान खाली गेली, पण दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडंच शिकायला बसलो. तिनं सांगितलं, "सर, इथं सरळ जोडणी नसतेच. संदेशाचे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो. मधलं ठिकाण तुकडा घेतं, क्षणभर ठेवतं आणि वाट मोकळी असेल तिकडं पुढं पाठवतं." मी म्हटलं, अरे, ही तर तार! गावची तार मधल्या कचेरीत उतरवून घेतली जाई, रांगेत राही आणि लाइन मोकळी झाली की पुढं जाई. आजोबांच्या काळातली पद्धत नातवानं वेगळ्या रूपात उचलली होती आणि मी उगाच तिला घाबरलो होतो.

चौथी गोष्ट विजेची. ती कुणाच्या लक्षात येत नाही, पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सगळ्यांच्या आली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, डिझेल पोचेना आणि मोबाइलची रेंज नाहीशी झाली. पुरात अडकलेल्या आपल्या माणसांचा आवाज ऐकायला लोक फोन हातात घेऊन गच्चीवर फिरत होते. जुन्या एक्सचेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची मोठी खोली असे. आज मोबाइलच्या टॉवरखालच्या पेटीतही बहुधा तेच ४८ व्होल्ट असतात. फाइव्ह-जी असो की पुढचं काही, बॅटरी सांभाळणारा माणूस लागतोच.

आता त्या मुलीच्या वडिलांचा मुद्दा, 'त्यापेक्षा कॉम्प्युटर बरं'. खरं तर हे भांडण मिटलं आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह-जीचा प्रारंभ झाला. तिचा गाभा म्हणजे संगणकावर चालणारी प्रणालीच आहे. तेव्हा टेलिकॉमवाल्याला प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे. आणि ज्याला लहरी, फायबर व जोडणी कळते, त्याचं प्रोग्रॅमिंग इथं अधिक उपयोगी पडतं. कामंही नाना तऱ्हेची आहेत. टॉवर कुठं आणि किती उंच हवा हे ठरवणं, फायबर टाकणं व जोडणं, चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवणं, त्याची सुरक्षा पाहणं. आमच्या गावाला विमानतळ लागून आहे. अशा ठिकाणी टॉवरच्या उंचीला परवानगी लागते, म्हणजे तेही शिकलेल्या माणसाचं काम. सरकारी वाट हवी तर यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून भारतीय दूरसंचार सेवेत जाता येतं. मात्र कंत्राटदाराकडं सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळी असते, हेही मी त्या दोघांना सांगितलं.

आणि एक सांगितलं, जमीन विकू नका. बारावी विज्ञानावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. सरकारी तंत्रनिकेतनाची फी पेलण्यासारखी असते. हे ऐकून वडिलांचा चेहरा जरा मोकळा झाला.

जाताना मुलीनं टेबलावरचा फायबरचा तुकडा उचलला आणि रंग मोजले. "आजोबा, यातले नवे दोन कुठले?" तिनं विचारलं. मी गुलाबी आणि आकाशी दाखवले. "पण तुझ्या वेळचे नवे दोन वेगळे असतील," मी म्हणालो, "ते मला माहीत नाहीत. ते आले की प्रशिक्षणाचं पत्र दुसऱ्याला देऊ नकोस, एवढं कर."