गाडीत लावलेला मोबाईल चार्ज का होत नाही?

आजचा विषय तसा छोटा, पण रात्री घाटात मोबाईल चार टक्क्यांवर आला की एकदम मोठा होतो. गाडीच्या सॉकेटात चार्जर लावलाय, त्याचा दिवाही लागलाय, स्क्रीनवर विजेचं चिन्ह आहे. आणि दोन तासांनी बघावं तर बॅटरी वाढायच्या ऐवजी घटलेली. हे होतं कसं?

चार्जरचा दिवा एवढंच सांगतो, की सॉकेटातून चार्जरपर्यंत वीज आली. पुढे मोबाईलच्या पदरात किती पडते, ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून शोध घेताना पहिला प्रश्न हाच: दिवा लागतोय का?

समजा लागतोय. मग जमाखर्च मांडा. नकाशा सुरू, स्क्रीन पूर्ण उजेडात, जीपीएस आणि इंटरनेट चालू, म्हणजे मोबाईल दोन-तीन वॅट सहज खातो. आता पुष्कळ जण केबल म्युझिक सिस्टिमच्या यूएसबी पोर्टात खुपसतात. जुना पोर्ट असेल तर तो देतो ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. तो पोर्ट बिचारा पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी दिलेला! कमावलं तेवढं खाल्लं, शिल्लक शून्य. तेव्हा सॉकेटात बसणारा, निदान २ अँपिअर देणारा चार्जर घ्या. ‘फास्ट’ असं नुसतं लिहिलेलं असून भागत नाही. मोबाईल आणि चार्जर यांची आपसात बोलणी व्हावी लागतात. दोघांची पद्धत जुळली नाही, तर साध्या ५ व्होल्टवरच तडजोड होते.

चार्जर चांगला असला तरी माझा पहिला संशय केबलवर असतो. बघा, स्वस्त केबलच्या आत तांब्याची तार अगदी बारीक असते. एक मीटरच्या अशा केबलचा रोध, जाणारी आणि येणारी तार मिळून, ०.४ ओहमच्या आसपास भरतो. त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटले, तर ०.८ व्होल्ट वाटेतच संपले. निघाले ५, पोहोचले ४.२. मोबाईलला हे लगेच कळतं आणि तो स्वतःहून प्रवाह कमी घेतो. बाहेरून सगळं ठीकच दिसतं. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या. शंका असेल तर तीच केबल घरच्या चार्जरला लावून बघा. मात्र एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर दोष कुणाचा होता ते कळणारच नाही.

आणि ऊन. नागपुरात मे महिन्यात काचेमागे डॅशबोर्डवर मोबाईल ठेवलात, तर चार्जिंग मंदावणार किंवा थांबणार. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून मोबाईलच ते रोखतो. तो बिघाड नव्हे. मोबाईल एसीच्या झरोक्यापाशी लावा.

आता दुसरी वाट. दिवाच लागत नाही. अनेक गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेटला वीजच मिळत नाही, ते आधी बघा. मग चार्जर दाबून, किंचित फिरवून बघा. हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्याच्या लायटरसाठी बनलं. सुमारे २१ मिलिमीटर रुंदीची एक गोल वाटी. तळाशी मध्यभागी धन टोक, कडेला ऋण. चार्जरच्या टोकाला स्प्रिंग असते आणि बाजूच्या पत्र्याच्या जिभांनी तो तोल सांभाळतो. आपल्या रस्त्यांवर त्याचं काय होत असेल, सांगायला नको. खड्डा आला की संपर्क तुटतो, चार्जिंग थांबतं.

वाटीत धूळ, बिस्किटाचा चुरा, कधी चक्क नाणं सापडतं. नाणं तळ आणि कड यांना एकदम टेकलं की शॉर्ट सर्किट, आणि फ्यूज उडतो. साफ करण्याआधी किल्ली काढा, शक्य तर फ्यूजही काढा, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट जिवंत असतं. लाकडी काडीला कोरडं फडकं गुंडाळा. स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका.

फ्यूज कुठला, ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर असतं. पातीच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. आतली तार तुटलेली दिसली, तर त्याच आकड्याचा नवा बसवा. इथे लोक जुगाड करतात: २० चा टाकतात, नाहीतर चांदी गुंडाळतात. अहो, फ्यूज वायरिंगच्या जाडीकडे बघून ठरवलेला असतो. तो उडाला नाही, तर तापणार ती डॅशबोर्डमागची वायर, आणि गाडी पेटते ती अशी. नवा फ्यूजही उडाला, तर तिसरा टाकू नका; गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.

मघाशी एकांनी ट्रकबद्दल विचारलं. मोठ्या ट्रकची, बसची वीज २४ व्होल्टची असते. नुसतं १२ व्होल्ट लिहिलेला चार्जर तिथे जळू शकतो. ‘१२–२४’ लिहिलेला असेल, तर तो दोन्हीकडे चालतो.