काम कुणाला द्यायचं? पटपट करणारीला की सगळ्यांना?



दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्या की गटात एक वाद हमखास निघतो. एक ताई म्हणते, "गट सगळ्यांचा, मग काम सगळ्यांना मिळालं पाहिजे." दुसरी म्हणते, "गिऱ्हाईक गट बघत नाही, चकली बघतं." दोघींचंही खरं आहे. म्हणून यावर नीट बोलू या.

माझ्याकडच्या 12 जणींच्या एका गटाची गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी 5 अनुभवी तायांनी सगळा फराळ केला. माल चांगला झाला, वेळेत गेला. पण बाकीच्या 7 जणी नाराज झाल्या. कर्ज गटाच्या नावावर, हप्त्याची जबाबदारी सगळ्यांची, मजुरी मात्र पाचजणींना!

दुसऱ्या वर्षी मीच सुचवलं, पाळ्या लावा. पाळ्या लागल्या, पण नवीन तायांना कुणी शिकवलंच नाही. तेल फार तापलं, चकली वरून लाल आणि आत कच्ची राहिली. दुसऱ्या दिवशी मऊ पडली. दुकानदाराने माल परत केला. समान संधी मी कॉलेजात शिकले होते, तेलाचा अंदाज नव्हते शिकले. चूक माझी होती.

संधी म्हणजे नुसती पाळी नाही

पाळी दिली आणि शिकवलं नाही, तर ती संधी नव्हे. उलट "बघा, हिला जमत नाही" म्हणायला कारण मिळतं. आज जी ताई पटपट काम करते, तिला आधी कधीतरी शिकायला मिळालेलं असतं.

लिज्जत पापड आपल्याला माहीत आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे पीठ शाखेत तयार होतं, बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात. लाटलेले पापड तपासून घेतात आणि लाटणीप्रमाणे पैसे मिळतात. कामाचं दार सगळ्यांना उघडं, पण पापडाची कसोटी सगळ्यांना एकच.

"धंद्याचं कारण" खरंच धंद्याचं आहे का?

त्याच गटात एकीने हळूच म्हटलं होतं, "त्या वस्तीतल्या बाईच्या हातचं लोक घेतील का?" ताईंनो, हे धंद्याचं कारण नाही, हा जातिभेद आहे. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता बंद केली आहे. माल परत आला तो तेलामुळे, कुणाच्या हातामुळे नाही.

मग ठरवणाऱ्यांत कोण आहे, तेही बघा. खरेदी, दर, कामाची वेळ ठरवणाऱ्या सगळ्या एकाच आळीतल्या असल्या, तर मजुरीला जाणाऱ्या ताईची अडचण त्यांना कळणार कशी? ग्रामपंचायतीत महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. तेव्हाही "बाईला काय कळतं" म्हणणारे होतेच. खुर्चीवर बसल्यावरच कारभार शिकता येतो.

तिसऱ्या वर्षी गटाने काय केलं?

- ऑर्डरच्या महिनाभर आधी थोडं पीठ घेऊन सराव केला. जुनी आणि नवी अशी जोडी लावली.
- कामं वेगळी केली: मळणं, तळणं, वजन, पॅकिंग, हिशोब. पायाने अधू असलेल्या ताईने बसून वजन-पॅकिंग सांभाळलं.
- प्रत्येक घाण्यातली एक चकली गार झाल्यावर मोडून बघायची. नियम सगळ्यांना सारखा.
- मजुरी कामाप्रमाणे, नफ्यातला वाटा मात्र सगळ्यांना.
- शेतात जाणाऱ्या तायांसाठी पॅकिंग संध्याकाळी ठेवलं. त्यांच्यातली एक खरेदी समितीत घेतली.

सरावात पीठ-तेल थोडं वाया गेलं, वेळही गेला. तो खर्च मानायचाच. पण माल परत आला नाही. आणि तळणाऱ्यांपैकी एक ताई ऐन वेळी आजारी पडली, तेव्हा दुसरी तयार होती. पहिल्या वर्षी असं झालं असतं तर ऑर्डर अडकली असती.

येत्या मासिक बैठकीत एवढे दोन प्रश्न घ्या: आपल्या गटात गेल्या वर्षभरात कुणाला एकदाही काम मिळालं नाही? तिला जमत नाही, की तिला कुणी शिकवलंच नाही?

उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या भेटीत मी आले की मिळून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक